थोरल्या भावाची पालखी

आषाढीची वारी म्हटली की आळंदी-देहू ही नावं आधी ओठांवर येतात. मिरजगावात मात्र वाट पाहिली जाते ती त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तीनाथांच्या पालखीची. नगर मागे टाकून ती कर्जत तालुक्यात शिरते आणि मिरजगावला मुक्काम करते. हा मुलूख पर्जन्यछायेतला. 2019 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. पालखी येते तेव्हा पाऊस झालेला असेलच, याचा भरवसा नाही.

निवृत्तीनाथ म्हणजे चार पोरक्या भावंडांतले थोरले. संन्यास सोडून संसारात परतले म्हणून त्यांचे वडील विठ्ठलपंत वाळीत पडले. प्रायश्चित्त म्हणून आईवडिलांनी देह ठेवला, असं परंपरा सांगते. मागे राहिले निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि चिमुरडी मुक्ताई.

आपल्याच वाट्याला हे का, या प्रश्नाशी थोरला अडून बसला नाही. त्यानं धाकट्या ज्ञानदेवाला काम लावून दिलं: गीता लोकांच्या बोलीत सांग. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. ओव्या नऊ हजारांच्या घरात, आणि अखेरच्या पसायदानात वाळीत टाकणाऱ्यांबद्दल एकही कडू शब्द नाही! थोरल्याचं तेवढ्यानं भागलं नाही. ही तर दुसऱ्याच्या ग्रंथावरची टीका झाली, आता स्वतःचं काही सांग, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. त्यातून ‘अमृतानुभव’ आला. शाबासकीला हात जरा आखडताच म्हणायचा.

1296 च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. मग सासवडला सोपान गेला, वैशाखात मुक्ताई. आठ महिन्यांच्या आत थोरला एकटा उरला. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत ज्ञानदेवांचा हा भाऊ आणि गुरू धीरगंभीर बसलेला दिसत नाही. तो उघड उघड रडतो. श्रद्धेनं दुःख पुसलं जातं, असं वारकरी परंपरेनं कधी भासवलेलं नाही, ते यामुळेच असावं.

1297 च्या ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी त्यांनीही समाधी घेतली. ती तिथी बहुतेक वर्षी पालखी वाटेवर असतानाच येते. पुढे मिरजगावात पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात, फोड आलेल्या तळव्यांना खोबरेल चोळलं जातं, रात्री कीर्तन रंगतं. सकाळी पेरणी उरकलेले दिंडीबरोबर चालू लागतात. ज्यांची राहिली आहे, ते एकादशीला एसटीनं पंढरपूर गाठतात.