दहा पौंडांचं घर

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात, ककमियर नदीकाठी आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथे चर्चच्या शेजारी एक शाकारलेलं लाकडी घर उभं आहे. वय सहाशे वर्षांच्या आसपास. पूर्वी हे गावच्या पाद्र्यांचं निवासस्थान होतं.

पाद्र्याचं घर म्हटल्यावर कुणी टोकदार कमानी आणि रंगीत काचा डोळ्यांसमोर आणील. इथे त्यातलं काही नाही. हा घाट त्या भागातल्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घराचा. त्याला 'वील्डन' पद्धत म्हणतात. आधी ओकच्या जाड लाकडांचा सांगाडा उभा करायचा, मग मधल्या जागा काठ्या विणून, त्यांवर माती लिंपून भरायच्या. कोकणात कुडाच्या भिंती पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मधोमध थेट आढ्यापर्यंत मोकळा दिवाणखाना, दोन्ही अंगांना दुमजली खोल्या. या खोल्यांचा वरचा मजला थोडा पुढे काढलेला असतो, म्हणून मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. छप्पर मात्र सगळ्यांवर एकच. अशा घरांत सुरुवातीला धुराडं नसे. दिवाणखान्यात जमिनीवरच जाळ करायचा आणि धुराने छपरातून आपली वाट शोधायची!

आल्फ्रिस्टनच्या दिवाणखान्यातली जमीन तर खास आहे. खडूचा दगड कुटून, चोपून, वर आंबलेलं दूध ओतून ती घट्ट केलेली आहे. तिथेच कोपऱ्यात लाकडावर ओकचं पान कोरलंय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर इतकं मोडकळीला आलं, की ते पाडायचंच ठरलं होतं. तिथले पाद्री बेनन यांनी ते वाचवायचा ध्यास घेतला. जुन्या इमारती जपण्यासाठी विल्यम मॉरिसने काढलेल्या संस्थेकडे त्यांनी धाव घेतली. पुढे ऑक्टेव्हिया हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1895 साली स्थापलेल्या नॅशनल ट्रस्टने 1896 मध्ये ते विकत घेतलं, अवघ्या दहा पौंडांना. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. ट्रस्टचं ओकच्या पानाचं बोधचिन्ह त्या कोरीव पानावरूनच सुचलं, असंही सांगतात.

मला पहिल्या इमारतीची ही निवड फार शहाणपणाची वाटते. राजवाड्यांना वाली मिळतोच. साध्या घरांना क्वचित. तिकडे जाणं झालं, तर आत शिरल्यावर आढ्याकडे बघण्याआधी पायांखालची जमीन जरूर न्याहाळा.