दारात आलेल्या उमेदवाराला विचारूया, पोरांच्या वाचनाचं काय?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, तेवढ्यात जिल्हा परिषदेला उभं राहणारे एकजण चार माणसं घेऊन आले. ‘ताई, माई, लक्ष असू द्या.’ सभामंडप देतो म्हणाले, चौकात मोठा दिवा लावतो म्हणाले. आमच्यातल्या एका आजींचा पाचवीतला नातू तिथंच खेळत होता. आजींनी त्याच्या हातात दुसरीचं पुस्तक दिलं. ‘वाच रे साहेबांना.’ पोरगं अक्षरं जुळवत एक ओळ वाचून थांबलं. आजी म्हणाल्या, ‘दिवा लावाल हो, पण त्या उजेडात याला वाचायला कुठं येतंय?’

चारचौघांत लेकराला असं उभं करायला नको होतं, हे आम्ही नंतर आजींना सांगितलं. पण प्रश्न खोटा नव्हता. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळा पाहिल्या, तर पाचवीतल्या शंभर मुलांपैकी साधारण ४५ मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला. उरलेली ५५ मुलं काय करतात? फळ्यावरचं उतरवून घेतात आणि पुढच्या वर्गात जातात. आईला वाटतं, वही भरलेली आहे म्हणजे शिकतोय.

या कामाला पैसा येत नाही असं नाही. परदेशातूनही आलेला आहे. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे जिल्हे पहिल्यांदा घेतले होते. त्या कार्यक्रमाला जागतिक बँकेचं कर्ज होतं, युरोपातल्या देशांचं अनुदानही होतं. अलीकडे २०२० मध्ये ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी जागतिक बँकेनं ५० कोटी डॉलर मंजूर केले. सहा राज्यांत आपला महाराष्ट्र आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी पहिलीत जाणाऱ्या लेकराला घेऊन शाळेतल्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्याला गेल्या असतील, घरी करून घ्यायच्या खेळांची कार्डं आणली असतील, माता गटात बसल्या असतील. ते याच प्रकल्पातून झालं.

आता बचत गटातल्या बाईला अनुदान आणि कर्ज यातला फरक समजावून सांगायला नको. अनुदान परत द्यायचं नसतं, कर्ज फेडायचं असतं. स्टार्सचे पैसे कर्जाचे आहेत. सही दिल्लीत झाली, पण फेड आपल्या सगळ्यांच्या करातून होणार. साबणाच्या वडीवरसुद्धा आपण कर भरतोच की. गटात एखादीनं शेळीसाठी कर्ज घेतलं, तर पुढच्या महिन्यात आपण विचारतोच, शेळी कुठंय? मग पोरांच्या वाचनासाठी काढलेल्या कर्जाचं कुणी विचारायचं?

आणि दुसऱ्यांच्या अनुदानाची वाट बघण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांतले ७० पैसे गरीब देशांना द्यावेत, असं संयुक्त राष्ट्रांत १९७० मध्ये ठरलं. इंग्लंडनं २०१५ मध्ये त्याचा कायदा केला, २०२१ मध्ये ५० पैशांवर आणलं आणि २०२७ पर्यंत ३० वर आणणार असं जाहीर केलं. अमेरिकेची मदत देणारी संस्था, यूएसएड, १ जुलै २०२५ ला बंदच झाली. शेजारच्या नेपाळात पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवण्याचा कार्यक्रम तिच्याच पैशावर चालला होता. तिथल्या आया आपल्यासारख्याच.

त्या देशांतले काही मतदार निवडणुकीत आपल्या उमेदवाराला विचारतात, दूरच्या मुलांच्या पुस्तकांचे पैसे तोडणार नाही ना? कुणाचा भाचा, कुणाची लेक इंग्लंडात असेल तर फोनवर सांगा, तिथं रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मत देता येतं. त्यांनीही विचारावं.

आपण इथं विचारायचं. कोणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण माणूस बघून प्रश्न विचारा. लोकसभेच्या उमेदवाराला विचारा, मुलांच्या शिक्षणासाठी परदेशातून येणारी मदत चालू राहावी म्हणून तुम्ही बोलणार का, आणि कर्जाचा प्रकल्प संपला की पुढचा पैसा कुठून? प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, म्हणून तिच्या उमेदवाराला विचारा, आमच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? गोष्टीची पुस्तकं आली ती कपाटात कुलपात का आहेत? शिक्षण समितीत वाचनाचा विषय तुम्ही मांडणार का? उत्तर आलं की वहीत तारखेसकट लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. तोंडी ‘बघू’ आपण फार ऐकलं.

एक गोष्ट आपल्याही अंगावर येते. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असा २००९ चा कायदा आहे. आमच्या शाळेत बायकांची नावं होती, पण सह्या घरी पाठवून घेतल्या जायच्या. आम्हीही देत होतो. आता तीन महिने बैठकीला जातोय. पहिल्याच बैठकीत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागितली. किल्ली सापडायला पंधरा दिवस लागले.

त्या दिवशी उमेदवारांनी वहीवर सही केली नाही. ‘विचार करून येतो’ म्हणाले. वहीत आम्ही तेवढंच लिहिलं, तारीख टाकली आणि सहीची जागा रिकामी ठेवली. आजींचा नातू आता रोज संध्याकाळी ओसरीवर बसून शेजारच्या ताईबरोबर वाचतो. पान उलटायला वेळ लागतो, पण उलटतो.