आपण इथून बोलतो, गावाकडं कुणीतरी तिकीट काढतं

(१ मे रोजी बँकॉकजवळ जमलेल्या मराठी कामगारांपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, दोनदा आलेलं तेवढं काढलंय.)

दादा, वहिनी, आणि मागं दाराशी उभी असलेली पोरं, आत या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

आज १ मे. घरी महाराष्ट्र दिन, जगात कामगार दिन. थायलंडमध्येही आज सुट्टी आहे, आणि ती काही मालकाची मेहरबानी नाही. वर्षाला किमान १३ सणवार पगारी सुट्टी द्यायची आणि त्यात कामगार दिन असलाच पाहिजे, असं इथल्या कायद्यात लिहिलंय. तरी आपले चार-पाच जण आज ड्यूटीवर आहेत. काल त्यातल्या एकाला विचारलं, "बाबा, उद्याच्या कामाचा जादा पगार मिळणार का?" तो म्हणाला, "काका, इथं असं कुणी विचारत नाही. इथं असंच असतं."

हे जे "इथं असंच असतं" आहे ना, त्यावरच मला आज बोलायचंय.

मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत फिटर होतो. अकरा वर्षं झाली, समुत प्राकानला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वर्क परमिट आहे, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवतो. थाई बोलता येते कामापुरती, वाचता येत नाही. पण इथल्या बातम्यांवर माझी मतं विचाराल तर भरपूर! रस्त्यावर अपघात झाला, मत आहे. सरकार बदललं, मत आहे. गांजा सुरू झाला, बंद झाला, त्यावर तर चार मतं. तुमचंही तसंच असणार. रविवारी चहा झाला की आपण सगळे या देशाचे मामलेदार.

ही मतं येतात कुठून ते बघा. अर्धी आपली नसतातच. पट्टायाला पेन्शन घेऊन राहिलेला गोरा माणूस इंग्रजीत काहीतरी लिहितो, आपला कुणीतरी ते वाचतो, आणि संध्याकाळी आपल्या ग्रुपवर ते मराठीत येतं. "थाई लोकांना काम नको." "बर्मावाल्यांनी सगळी कामं खाल्ली." "इथं पैसे टाकले की काहीही होतं." त्या गोऱ्या माणसाला ते बोलायला काही लागत नाही. चुकलं तर तो दुसऱ्या देशात जाऊन राहील. आपलं तसं आहे का?

थाई भाषेत बाहेरच्या माणसाला वेगवेगळे शब्द आहेत. गोऱ्याला फरांग म्हणतात. आपल्याला म्हणतात खेक. त्याचा खरा अर्थ पाहुणा, पण कुठल्या सुरात म्हटलंय त्यावर सगळं अवलंबून. आणि तिसरा शब्द तांग दाओ. कायद्यात तो सगळ्याच परदेशी माणसांना आहे, पण बोलण्यात तो बर्मा, लाओस, कंबोडियाच्या मजुरांनाच लावतात. आपण चहा पिताना फरांगसारखं बोलतो. पण पगाराच्या दिवशी, पोलिसाच्या पुढं, दवाखान्यात आपण कोण असतो? तिथं आपण त्या बर्मावाल्याच्या शेजारीच उभे असतो. म्हणून बातमीही तिथूनच वाचायला पाहिजे.

एक उदाहरण देतो. २८ मार्च २०२५. भूकंप म्यानमारला झाला आणि हजारेक किलोमीटरवर बँकॉक हललं. आपण सगळे जिन्यांवरून पळालो, आठवतंय ना? एवढ्या मोठ्या शहरात एकच उंच इमारत अख्खी खाली आली, चतुचकची, सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची. तिचं बांधकाम चालू होतं. आत होते ते बांधकामाचे मजूर, थाई आणि बर्मी. आपल्या ग्रुपवर त्या रात्री काय आलं? "थाई काम असंच असतं." झालं, मत देऊन मोकळे.

पुढं त्या ढिगाऱ्यातल्या लोखंडाचे नमुने तपासले, काही कमी दर्जाचे निघाले. अभियंत्यांवर, ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले. म्हणजे "थाई काम" असं काही नव्हतं. कुणीतरी ठरावीक माणसांनी ठरावीक ठिकाणी काय केलं, असा तो प्रश्न होता. आणि आपल्यासाठी त्यात आणखी एक प्रश्न होता, तो कुणी विचारलाच नाही. कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काय मिळतं? इथं कामगार नुकसानभरपाई निधी आहे. त्याचे पैसे एकटा मालक भरतो, कामगाराच्या पगारातून एक बाथही कापायचा नाही. कामामुळं मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम १० वर्षं घरच्यांना मिळते. कामगार परदेशी असला तरी. पण त्याचं नाव कागदावर नसेल, तर तो तिथं कामाला होता हे सिद्ध करायलाच घरच्यांचे जोडे झिजतात. त्या रात्री आपण प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन "माझं नाव नोंदलंय का?" एवढं विचारलं असतं, तर बातमी वाचल्याचं सार्थक झालं असतं. मीही विचारलं नाही. सहा महिन्यांनी विचारलं.

दुसरं उदाहरण. जुलै २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवर लढाई झाली. लाखो कंबोडियन मजूर गाठोडी बांधून परत गेले. तोपर्यंत "हे लोक कामं खातात" म्हणणारे आपलेच काही जण, नंतर म्हणायला लागले, "साइटवर माणूस मिळेना, आम्हालाच डबल पाळी पडते." मला मुंबई आठवली. आपल्याकडं परप्रांतीयांबद्दल आपण काय काय बोलतो! इथं परप्रांतीय आपण आहोत. एवढं लक्षात ठेवलं तरी जीभ जरा जपून चालते.

आता जे सांगायला मला जड जातंय ते सांगतो.

गावाकडच्या ओळखीतला एक मुलगा. आयटीआय झालेला, मला काका म्हणायचा. तीन-चार वर्षांपूर्वी दिवाळीला मी गावी गेलो होतो. पारावर बसून मी बँकॉकच्या गप्पा मारत होतो. म्हणालो, "तिथं कागदबिगद कोण बघतंय? शंभर-दोनशे बाथ दिले की विषय संपला. तिथं सगळं चालतं." लोक हसले. मलाही बरं वाटलं.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना इथं फिरायला यायला व्हिसा लागेनासा झाला. त्या पोरानं एका एजंटला नव्वद हजार दिले आणि आला. मला न विचारता आला, कारण विचारायचं काय, मी सांगितलंच होतं ना. पर्यटकांच्या एका ठिकाणी दुकानात लागला. मालक आपल्याच देशाचा. पहिल्याच दिवशी पासपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला, "सांभाळून ठेवतो" म्हणून. पहिल्या महिन्याचा पगार अर्धा, दुसऱ्याचा नाहीच. मग त्यानं मला फोन केला. आणि मी काय म्हणालो? "थोडं सहन कर. इथं असंच असतं."

दोन वेळा मी हे वाक्य बोललो. एकदा गावात, एकदा फोनवर.

पुढं तपासणी झाली. वर्क परमिट नाही, मुक्कामाची मुदत उलटलेली. ओव्हरस्टेचा दंड दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००. परमिटशिवाय काम केल्याचा दंड ५,००० ते ५०,००० बाथ, आणि वर हद्दपारी. इमिग्रेशनच्या कोठडीत राहिला. दंड आणि तिकिटाचे पैसे घरून मागवले. मालकाला काय झालं ते मला कळलं नाही. पोरगा घरी पोचल्यावर मी त्याच्या वडिलांना फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तूच म्हणालेलास न्हवं, तिथं समदं चालतंय म्हणून?"

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या पोराला जे सांगायला पाहिजे होतं, ते आज तुम्हाला सांगतो. बिनव्हिसाचा शिक्का हा फिरायला आलेल्याचा शिक्का आहे. त्यावर एक दिवसही काम करता येत नाही. काही कामं परमिट काढूनही परदेशी माणसाला मिळत नाहीत, टॅक्सी चालवणं, गाईडचं काम, केस कापणं, रस्त्यावर विकणं. हिरे-रत्नांना पैलू पाडणंसुद्धा त्या यादीत आहे, हे सिलोमकडं कामाला येणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्यावं. मालकानं कामगाराचा पासपोर्ट मर्जीविरुद्ध ठेवून घेणं हा गुन्हा आहे. आणि केलेल्या कामाचा पगार हा हक्कच आहे, मग कागद अपुरे का असेनात. कामगार खात्याच्या निरीक्षकाकडं लेखी तक्रार करता येते, त्यानं ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. पण कागद नसलेला माणूस तक्रारीला गेला की स्वतःच अडकेल म्हणून घाबरतो. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर त्याला असाच माणूस हवा असतो.

आणि तो पोरगा तरी घरी पोचला. त्याच काळात "डिजिटल मार्केटिंग"च्या नोकरीला म्हणून बँकॉकला उतरलेल्या पोरांना गाडीत घालून मे सोतला नेत होते, तिथून नदीपलीकडं म्यानमारमध्ये म्यावाडीला. तिथं कुंपणाच्या आत बसवून लोकांना फोनवर, कॉम्प्युटरवर फसवायचं काम. मार्च २०२५ मध्ये भारताच्या हवाई दलाची विमानं मे सोतला आली. एका दिवशी २८३, दुसऱ्या दिवशी २६६ माणसं परत नेली. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. त्या प्रत्येकाला कुणीतरी म्हणालं असणार, "थायलंड ना? सोपं आहे."

गांजाचंही तेच. २०२२ च्या जूनमध्ये इथं मोकळा झाला, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. आपण चहा पिताना त्यावर हसतो. पण फुकट तिकिटाच्या बदल्यात कुणाची तरी बॅग मुंबईला नेणारी पोरं विमानतळावर पकडली जातात, ती बातमी आता नेहमीची झालीय. इथल्या दुकानात पाटी लावून विकतात, म्हणून मुंबईचा कायदा बदलत नाही. २० किलोच्या वर सापडला तर किमान १० वर्षं. दुसऱ्याची बॅग उचलू नका, मग ती मामाची का असेना.

मग काय, मतंच द्यायची नाहीत का? द्यायची. आपण इथं घाम गाळतो, इथल्या गोष्टींवर बोलायचा आपल्याला अधिकार आहे. फक्त तीन गोष्टी मी स्वतःपुरत्या ठरवल्यात, पटल्या तर घ्या.

पहिली, बातमी आली की "हे लोक असेच" म्हणायच्या आधी विचारायचं: यात मार कुणाला बसला, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझ्याकडं कुठला कागद असता?

दुसरी, कुठं बोलतोय ते बघायचं. इथं अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा आहे. मालकाचं नाव घालून फेसबुकवर राग काढलात तर पगार राहिला बाजूला, खटला तुमच्यावर. तक्रार खात्यात करा, फेसबुकवर नको. आणि राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही लिहू नका, पुढं पाठवू नका. एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत.

तिसरी, गावाकडं बोलताना पूर्ण बोलायचं. कुणी विचारलं तर सांगा: थायलंड हा एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे. पासपोर्टवर ईसीआर असेल तर ती मंजुरी घेऊनच निघायचं. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर ते नसतं, त्याला विमानतळावर कुणी अडवत नाही, म्हणून त्यानं तर दुप्पट काळजी घ्यायची. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणीकृत एजंटानं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही. नव्वद हजार मागतोय म्हणजे तिथंच उत्तर मिळालं.

नंबर लिहून घ्या. पगार, सुट्टी, ओव्हरटाइमच्या तक्रारीला १५०६ किंवा १५४६. कुणाला डांबून ठेवलंय असं वाटलं तर १३००. पर्यटक पोलीस ११५५, तिथं इंग्रजी चालतं. आपला दूतावास सुखुमवित सोई २३ ला आहे. पासपोर्टचा, परमिटचा, पगाराच्या पावतीचा फोटो घरी एका माणसाकडं पाठवून ठेवा. आजच, जेवायच्या आधी.

आणि आज ड्यूटीवर गेलेली आपली पोरं संध्याकाळी येतील. महिन्याच्या पगारावर असलेल्यानं सुट्टीच्या दिवशी काम केलं तर त्या दिवसाचा आणखी एक पगार मिळायला पाहिजे, हे त्यांना सांगा. उद्या दोघं-तिघं मिळून ऑफिसात जाऊन नीट शब्दांत विचारा. मी सोबत येतो, मोडकी-तोडकी थाई माझी.

आता "इथं असंच असतं" हे वाक्य मी परत बोलणार नाही. माझ्या तोंडून निघालंच तर टोका मला.

वहिनी हाक मारतायत, पुरणपोळी झालीय. चला, जेवून घेऊ. जय महाराष्ट्र, आणि कामगार दिनाच्या सगळ्यांना शुभेच्छा.