प्रत्येक भोकाची आपली दिशा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



सचिवांनी सांगितलं, ‘तुमच्या कॅडच्या कामातलं काहीतरी सगळ्यांना कळेल असं बोला.’ म्हणून मी माझी एक चूकच सांगतो.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड करायचं काम माझ्याकडे आलं. झारीच्या तोंडासारखं फुगीर, पितळेचं, त्यावर 2 मिलिमीटरची 37 भोकं. मध्ये एक, भोवती 6, मग 12, मग 18. मी मधलं भोक काढलं आणि पॅटर्नची आज्ञा देऊन बाकीची उमटवली. पडद्यावर वरून पाहिलं तर रांगोळीसारखं नेटकं! कडेच्या भोकांना ड्रिल घसरतंय, मोडतंय, अशी मशीनवाल्यांची तक्रार आली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. 40 नग तयार झाले.

आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी एका नगाच्या भोकांत तारेचे तुकडे खोवले आणि तो माझ्यापुढे ठेवला. सगळ्या तारा उभ्या, एकमेकींना समांतर. ‘पाणी पसरायचं कसं रे, बाळ?’ एवढंच म्हणाले.

पॅटर्न भोकाची नक्कल करतो ती त्याच्या दिशेसकट. सपाट पत्र्यावर ते बरोबर. पण फुगीर पृष्ठभागावर जागा बदलली की लंबाची दिशाही बदलते. माझा घुमट 60 मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाचा भाग होता. शेवटची रांग मध्यापासून 30 मिलिमीटरवर, म्हणजे तिथे पृष्ठभाग 30 अंश कललेला. तिथे उभं भोक पाडलं की त्याचं तोंड गोल न राहता लंबगोल होतं, 2 चं 2.3 मिलिमीटर. ड्रिल घसरणारच.

उपाय सोपा होता. गोलावरचा प्रत्येक लंब केंद्रातून जातो. म्हणून प्रत्येक रांगेतलं एकच भोक केंद्राच्या रोखानं काढायचं आणि ते मधल्या अक्षाभोवती फिरवायचं. तीन भोकं, तीन पॅटर्न. नळकांड्यावर तर एका रांगेला एकच पुरतो. पृष्ठभाग वेडावाकडा असेल, तर मात्र प्रत्येक बिंदूवर स्पर्श करणारी पातळी घेऊन तिला लंब रेषा काढावी लागते आणि भोक त्या रेषेवरून पाडावं लागतं. पावसाळ्यात फुलणारं कदंबाचं फूल आठवा. त्या चेंडूवरचा प्रत्येक तंतू आपापल्या जागेवरून सरळ बाहेर येतो.

मालकांना मामाच सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मलाच पाठवलं. नग भंगारात गेले, मी बोलणी खाल्ली, नोकरी राहिली. नवे नग मामांनी टेबल कलतं करून स्वतः उभं राहून करवून घेतले.

त्या 40 मधला एक नग, तारांसकट, आजही माझ्या टेबलावर आहे. नवीन मुलगा ‘सर, पॅटर्न झाला’ म्हणाला की मी तो त्याच्यापुढे सरकवतो आणि सांगतो, वरून दाखवू नकोस, मधून छेद घेऊन दाखव.