श्रेयांकांपुरते शिक्षण



सदाशिव पेठेत सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास एक विसंगती सहज दिसते. महाविद्यालयातून बाहेर पडणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कुरकुरत असतो की, हिशेब शिकावयास आलेल्या माणसावर पर्यावरण आणि राज्यघटना कशासाठी लादता? त्याच पेठेतील अभ्यासिकांत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली शेतकऱ्यांची मुले तीच राज्यघटना, तोच भूगोल, तेच पर्यावरण स्पर्धा परीक्षांसाठी मध्यरात्रीपर्यंत घोकत असतात. त्यांच्यापैकी कित्येकांची पदवी अभियांत्रिकीची किंवा शेतीची असते. पदवीच्या वर्षांत जे ओझे वाटले, तेच पुढे खुर्चीचे भाडे आणि शिकवणीचे शुल्क भरून विकत घ्यावे लागते. मग महाविद्यालयाने त्या काळात दिले तरी काय?

या कुरकुरीवर सोपा उपाय सुचविला जातो : सक्ती रद्द करा. गरीब विद्यार्थ्याचा वेळ मोलाचा असतो, हे त्यामागील कारण खोटे नाही. परंतु ही मागणी पुढे रेटताना ती कोणाच्या सोयीची आहे, हेही पाहिले पाहिजे. मालकाला हिशेब जाणणारा कारकून हवा असतो. किमान वेतनाचा कायदा जाणणारा कारकून त्याला अडचणीचाच. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्याला हे व्यापक शिक्षण जेवताना गप्पांतूनही मिळते. ज्याच्या घरी ते नाही, त्याला वर्गाखेरीज दुसरे ठिकाण नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाविषयी जे निवेदन ठेवले, त्यात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचीही मागणी होती. शेतकऱ्याच्या मुलाला कामापुरतेच शिकवावे, हे त्यांनी मान्य केले नाही.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या सर्व शाखांना सामान्य शिक्षणाची जोड द्यावी, असे सुचविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्यास सांगितले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेल्या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक पुण्यातच, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत डॉ. एरच भरुचा यांनी सिद्ध केले. त्या आराखड्यात शंभरापैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला होते. हेतू उत्तम होता. पण पुष्कळ ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे मागील वर्षीच्या वहीची नक्कल झाली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, खुले ऐच्छिक विषय अशी भर पडली आहे. प्रत्येकाला श्रेयांक जोडलेले आहेत. विषय वाढले, त्या प्रमाणात शिक्षक मात्र वाढले नाहीत. मग तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाच्या गळ्यात, त्याचा स्वतःचा विषय कोणताही असो, हा तास पडतो. जितके तास तितकेच मानधन, सुटीचा पगार नाही, उद्याची शाश्वती नाही. अशा अध्यापकाकडून विद्यार्थ्यांच्या मनात नागरिकत्वाची आस्था जागविण्याची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे.

आणि विषय तर दाराशी पडलेले आहेत. पाण्याचेच घ्या. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेठांतील हौद भरले जात.  पाणी शहरात आले, पण सर्वांना ते शिवता येत नव्हते. म्हणून १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आज मुठेत काय वाहते, हे लकडी पुलावर उभे राहून कोणालाही पाहता येते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने या पाण्याचा खर्च कोण सोसतो याचा हिशेब मांडावा, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते तपासावे, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हौदाच्या हक्काचा इतिहास लिहावा. मग ‘माझ्या विषयाशी याचा संबंध काय’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

तेव्हा विद्यार्थी संघटनांनी मागणी करावयाची ती नेमकी असावी. या विषयांसाठी पूर्ण वेतनाचे कायम अध्यापक नेमावेत. मराठीत चांगली पाठ्यपुस्तके द्यावीत. विषयांच्या निवडीत विद्यार्थ्याला खरा वाव असावा. केवळ वेळापत्रकात बसतो म्हणून एखादा विषय त्याच्या माथी मारू नये. परीक्षा पर्यायांवर खुणा करण्याची नसावी. क्षेत्रकार्य प्रत्यक्ष व्हावे आणि त्याचे निष्कर्ष वस्तीतील लोकांपुढे मांडले जावेत.

हे होत नसेल तर विद्यार्थ्याची कुरकुर रास्तच आहे. कारण त्याचे शुल्क आणि वेळ घेऊन त्याच्या हाती केवळ श्रेयांक ठेवले जात आहेत. पण त्या रागाचा शेवट ‘आम्हाला फक्त हिशेब शिकवा’ या वाक्यात होऊ देणे म्हणजे फुल्यांनी मागितलेले आपल्याच हाताने परत करणे होय.