वाऱ्याच्या हिशेबातले अंतर



गाव किती लांब म्हणून विचारले, तर आपले वाडवडील पुष्कळदा कोस सांगत नसत. 'दुपारच्या जेवणाला पोचाल' एवढेच सांगत. हे उत्तर अडाणीपणाचे होते, असे आम्हांला वाटत नाही. हाँगकाँग आणि टोकियो या दोन विमानतळांचेच पाहा. अंतर सुमारे 2,900 किलोमीटर. जातानाही तेवढेच, येतानाही तेवढेच. पण वेळ?

समजा, हिवाळ्यात हाँगकाँगहून सकाळी 10 वाजता निघालेले विमान टोकियोस दुपारी 3 ला उतरले, आणि टोकियोहून 10 ला निघालेले हाँगकाँगला 2 ला उतरले. आपण चटकन म्हणू, जाताना पाच तास, येताना चार. वस्तुस्थिती नेमकी उलटी! टोकियोचे घड्याळ हाँगकाँगच्या एक तास पुढे असते. म्हणजे जाताना चारच तास लागले आणि येताना पाच.

हा तासाचा फरक करतो वारा. जपानवरून, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहते. तिचा वेग कधी कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले आणि 1926 साली आपले निष्कर्ष छापले. छापले ते एस्परांतो भाषेत! साऱ्या जगाला कळावे म्हणून निवडलेली ही भाषा, आणि जगाने मात्र तिकडे फारसे पाहिले नाही. 1944 साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने टोकियोवर आली तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे नेम चुकविले.

आता थोडे त्रैराशिक करू. विमानाचा स्वतःचा वेग ताशी 850 धरला, तर वाऱ्यावाचून 2,900 किलोमीटरला 3 तास 25 मिनिटे लागतील. मार्ग ईशान्येचा असल्यामुळे वाऱ्याचे सारे बळ पाठीशी येत नाही. ते 150 च धरू. जाताना 2 तास 54 मिनिटे, येताना 4 तास 9 मिनिटे. चढण्याउतरण्याचा वेळ वेगळा. कोणी म्हणेल, फिटंफाट झाली. नाही झाली! वाऱ्यावाचून दोन्ही खेपांना 6 तास 50 मिनिटे पुरली असती. येथे 7 तास 3 मिनिटे लागली. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून वारा जेवढे देतो त्याहून अधिक वसूल करतो. सावकारच म्हणा ना!

परतीच्या विमानात इंधनही अधिक भरावे लागते, ते यामुळेच. उन्हाळ्यात ही नदी क्षीण होऊन उत्तरेकडे सरकते, तेव्हा फरक बराच कमी होतो.

आपल्यापैकी काहींची मुले आज टोकियोत नोकरीस आहेत. हाँगकाँगला विमान बदलून ती घरी येतात. वेळापत्रकात नेहमीचा वारा धरलेला असतो. एखाद्या दिवशीचा जास्तीचा वारा धरलेला नसतो. जानेवारीत येणाऱ्याने दोन विमानांमध्ये तासाभराची अधिक सवड ठेवावी. जुलैत तेवढी गरज पडत नाही.