शिक्षा कृतीला, झुंज विचाराशी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वंशद्वेषाचा विचार बाळगणे हाच गुन्हा मानावा, की त्यातून घडणारी कृती? आपल्यापैकी अनेकांचे उत्तर तयार असते : विषवृक्ष मुळापासून उपटा. ही चीड रास्त आहे. परंतु कायदा राबविणारे हात कोणाचे असतात, हे समाजवाद्याने विसरता कामा नये.

ब्रिटनचा अनुभव पाहा. ब्रिस्टल शहरात बसगाड्यांवर काळे व आशियाई कर्मचारी नेमायचे नाहीत, असा कंपनीचा दंडक होता. खेदाची गोष्ट ही की, कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेनेच १९५५ साली तसा ठराव केला होता. १९६३ साली काळ्या तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला आणि चार महिन्यांत बंदी उठली. तोवर भेदभावाविरुद्ध कायदा नव्हता.

तो १९६५ साली आला. हॉटेले, चित्रपटगृहे अशा ठिकाणच्या भेदभावाला त्याने मनाई केली, वंशद्वेष चेतविणारे भाषण गुन्हा ठरविले. नोकरी आणि घर मात्र १९६८ पर्यंत बाहेरच राहिले. म्हणजे जिभेचा बंदोबस्त आधी, पोटाचा आणि निवाऱ्याचा नंतर! १९६७ साली कॉलिन जॉर्डन या नाझीला शिक्षा झाली, हे खरे. पण त्याच वर्षी मायकेल अब्दुल मलिक या काळ्या पुढाऱ्यालाही गोऱ्यांविरुद्ध हिंसेची भाषा केल्याबद्दल १२ महिन्यांची कैद झाली. १९६८ साली खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध भाषण करून रक्तपाताचे भाकीत केले. हुजूर पक्षाने त्यांना छाया-मंत्रिमंडळातून काढले; खटला मात्र झाला नाही. उघड बोलणारा सापडतो, प्रतिष्ठित भाषेत बोलणारा सुटतो.

मग चिथावणीला मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. जमावाला कोणाच्या घरावर चालून जाण्यास उठविणे ही कृतीच होय. काम नाकारणे, घर नाकारणे, मारहाण करणे यांना कठोर शिक्षा हवी. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानेही अस्पृश्यतेचे आचरण निषिद्ध केले आणि तिच्यापायी लादलेली बंधने गुन्हा ठरविली. परंतु मनाचा पंचनामा करण्याचा अधिकार सरकारला दिला, तर उद्या तोच अधिकार आपल्या सभांवर चालेल.

मनातील द्वेषाशी झुंजणे हे पोलिसाचे काम नव्हे. ते चळवळीचे आहे. ब्रिस्टलचा तो ठराव कामगारांच्याच सभेत मंजूर झाला होता. म्हणून या कामाचा आरंभ आपल्या युनियनच्या कचेरीतून करावा लागेल.